एका दिवसाच्या बोलीवर खडकवासला

सहकारनगरातून खडकवासल्याला पोचायला तासभर लागतो. मला तयारीला तीन दिवस लागले. दोन थर्मास, चार स्वेटर (माणसं तीन, पण एखादा भिजला तर?), कानटोप्या, डासांचं मलम, बँडेज, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी, दोन टॉवेल, आणि दोन्ही नातवंडांच्या खिशात माझा फोन नंबर लिहिलेली एकेक चिठ्ठी. मी काळजीखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला वाटायला नको की बाई उगाच घाबरवतेय.

काळजीला कारणही होतं. माझी मुलगी मृणाल चौदा वर्षांपूर्वी कॅनडात गेली. दर दोन वर्षांनी डिसेंबरात तीन आठवडे येते. त्यातले दहा दिवस सांगलीला सासरी, बाकीचे बँक, दाताचे डॉक्टर आणि मैत्रिणींत जातात, आणि उरलेल्यात ती माझ्याकडे जेवते. तिची मुलं म्हणजे अन्वी, वय बारा, आणि निहार, वय सात. गेली दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते, की तिकडच्या उन्हाळी सुट्टीत या दोघांना दोन महिने एकटं माझ्याकडे पाठव. ती दर वेळी म्हणायची, "बघू." या खेपेला तिला दोन दिवस सांगलीला जायचं होतं आणि मुलं यायला तयार नव्हती. निघताना म्हणाली, "आई, तुझ्याकडे ठेवून जाते. कुठे न्यायचं तर ने. पण नजरेआड होऊ देऊ नकोस. हे नीट झालं, तर जुलैचं खरंच बघू."

म्हणजे परीक्षाच की हो ही. नापास होऊन चालणारच नव्हतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मी कानटोपी, मफलर आणि स्वेटरमध्ये, आणि माझी कॅनडावाली नातवंडं अर्ध्या बाह्यांत. "आजी, हा विंटर नाहीये," अन्वी म्हणाली. माझ्या दातांचा आवाज तिला ऐकू येत होता, तरी म्हणाली.

गेटपाशी तळमजल्यावरचे लेले हातात पेपर घेऊन उन्हाची वाट बघत उभे होते. त्यांनी आमच्या तिन्ही पिशव्या निरखून पाहिल्या.

"काय, कायमच्या निघालात?"

"खडकवासल्याला."

"मग बरोबर आहे. तिकडे माणूस नाही, दुकान नाही, काही नाही."

लेल्यांना उत्तर द्यायचं नसतं हे मी बावीस वर्षांत शिकले आहे. निहारने मात्र हात हलवला. "आजोबा, आम्ही जातो!"

"जातो म्हणू नये रे," मी म्हटलं. "येतो म्हणावं."

"पण आपण तर जातोय."

"तरी येतोच म्हणायचं. गेलेलं माणूस परत यावं म्हणून."

"मग ते काय म्हणतात? जा?"

"छे छे! ते म्हणतात, या. लहान मुलाला म्हणतात, ये."

निहारला याची इतकी गंमत वाटली की तो माघारी धावत गेला. "आजोबा, येतो!" लेल्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "या." गाडीत बसल्यावरही त्याचं हसू थांबेना. आपण जायचं आणि येतो म्हणायचं, ते जाऊ देणार आणि ये म्हणणार! मी मनात म्हटलं, वा, आज थोडं तरी मराठी शिकवलं पोराला. फार खूश होते मी स्वतःवर.

गाडीचा चालक यवतमाळकडचा होता, वाघोलीत राहणारा, सात वर्षांपूर्वी पुण्यात आलेला. मी त्याला धायरी फाट्यापर्यंत चार वेळा सांगितलं की सावकाश घ्या.

"काकू," तो शेवटी म्हणाला, "आता सायकलवाला पुढं गेला आपल्या."

"जाऊ द्या. त्याला घाई असेल."

"काहून इतकं घाबरता जी? पोरं मजेत हायेत पाहा मागं."

पोरं मजेतच होती. घाबरायचं काम माझ्याकडे होतं. नांदेड फाटा गेला, किरकटवाडी गेली, आणि उजवीकडे घरं संपून एकदम पाणी आलं. खडकवासल्याचं पाणी मी शेकडो वेळा पाहिलंय. आमच्या नळाला येतं तेच हे पाणी. पण त्या सकाळी त्यावर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. फक्त संरक्षण प्रबोधिनीचा घुमट धुक्याच्या वर तेवढा तरंगत होता. मला वाटलं आता मुलं "वॉव" वगैरे म्हणतील.

"बर्फ कुठाय?" निहारने विचारलं.

"इथे बर्फ नसतो रे."

"मग लेकवर चालायचं कसं?"

मी अन्वीकडे पाहिलं. मग अन्वीने समजावलं. त्यांच्या घरामागे तळं आहे, डिसेंबरात ते गोठतं, आणि मग सगळी मुलं त्यावर चालतात, घसरतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. निहार चालायला लागल्यापासून तळ्यावर चालतोय. "डॅडी म्हणतो आधी पाय आपटून बघायचं," निहार म्हणाला. "ठक झालं तर जायचं."

मी त्याचा हात घट्ट धरला. हिवाळा म्हणजे तळ्यावरून चालायचं, असं ज्या पोराच्या डोक्यात बसलंय त्याला घेऊन मी तळ्याकाठी चालले होते. चालकाला म्हणावंसं वाटलं, गाडी वळवा, आपण कात्रजला साप बघू. साप काचेच्या आत तरी असतात.

धरणाच्या भिंतीपुढे, चौपाटीवर आम्ही चहाला उतरलो. रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी सकाळी दोन टपऱ्या उघडत होत्या आणि एक बाई कांद्याची भजी सोडायला तेल तापवत होती. कट्ट्यावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी होती. मी दोघांना ती मोठ्याने वाचायला लावली. निहारने बोट ठेवून वाचली, "पाण्यात उतरू न ये." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ये म्हणजे जा ना?"

"इथे ये म्हणजे काहीही नाही. इथे पाण्यात जायचं नाही, एवढंच."

"ओके," तो म्हणाला. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. पण तेव्हा भजी आली, आणि तोंड भाजलं म्हणून तो नाचायला लागला, आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडण्यात गुंतले.

चौपाटी मागे टाकून रस्ता पाण्याच्या कडेकडेने पानशेतकडे जातो. डाव्या हाताला सिंहगड, उजव्या हाताला धरणाचं मागे पसरलेलं पाणी. त्या रस्त्यावरच्या एका गावात आमची खरी सहल होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण शेवंताबाईंनी बजावलंय, "पेपरात बिपरात घालू नगा, लई गर्दी हुती." शेवंताबाई आमच्या भाजीवाल्या ताईंच्या नणंद. त्यांचं शेत थेट धरणाच्या पाण्याला भिडलंय, आणि थंडीत ओळखीच्या माणसांना त्या हुरडा खायला बोलावतात. पंचावन्न-साठीच्या, उंच, धिप्पाड, आवाज असा की गावात बोलल्या तर धरणाच्या भिंतीला ऐकू जावा. मालक बाजाराला गेले होते. घरी त्या एकट्याच.

चालकाला चारला यायला सांगून मी त्याला सोडलं. "येतो काकू," तो म्हणाला. मी "या" म्हटलं. निहारने मला कोपराने ढोसलं.

"ही लेकरं गारठत न्हाईत व्हय?" शेवंताबाईंनी विचारलं.

"त्यांच्याकडे याहून जास्त थंडी असते."

"आणि तुमी का गाठोडं बांधून आल्यासा?"

आल्या आल्या मी त्यांना विचारलं, पाणी किती लांब आहे? खोल किती? साप? कुत्री? विहिरीला कठडा? त्या सगळ्याची उत्तरं देत होत्या आणि हसत होत्या. पाणी बांधापासून शंभर पावलं. "आवो, पान्याचं भ्या न्हाई," त्या म्हणाल्या, "पानी दिसतंय तरी. गाळाकडं तेवढं जाऊ दिऊ नगा." नेमकं तेव्हाच अन्वीने ओरडून विचारलं की ते केशरी पक्षी कुठले. मी तिकडे वळले, आणि गाळाबद्दल विचारायचं राहून गेलं. विचारलं नाही असं त्या दिवसात तेवढंच एक राहिलं.

पक्षी चक्रवाक होते. थंडीत लांबून येतात. केशरी अंग, फिकट डोकं, जोडीजोडीने काठाशी बसलेले. अन्वीने तिच्या बाबांची दुर्बीण आणली होती. दोन तास आम्ही तिघं बांधावर बसून पाहिलं. राखी बगळा ढिम्म उभा होता. एक खंड्या तारेवरून सुळकन खाली आला आणि चोचीत चांदी घेऊन वर गेला. धुकं विरलं, ऊन आलं, आणि पलीकडच्या डोंगराचं प्रतिबिंब पाण्यात उतरलं. त्या दोन तासांत मी निहारच्या स्वेटरची कड एका हातात धरून ठेवली होती. हो, तोवर मी त्याला स्वेटर घातला होता.

अकराच्या सुमाराला शेवंताबाईंनी आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, दोन-चार मिनिटांनी काढायची, आणि गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करायचे. दाणे हिरवे, दुधाळ, धुराचा वास लागलेले. बरोबर लसणाची चटणी, घट्ट दही आणि गूळ. अन्वीने चटणी खाल्ली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी पुन्हा मागितली. निहारने गुळाचे सात खडे खाल्ले. मग तो बांधावर खेळायला गेला. मला तो दिसत होता. बांध वीस पावलांवर, त्याचा निळा स्वेटर लख्ख उन्हात. मी कणसं चोळत होते, हात पोळत होते, अन्वी हसत होती, आणि मला, खरं सांगते, सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

बांधावरून त्याने हाक मारली. "आजी, मी येतो!"

"ये, ये!" मी म्हटलं. "गरम गरम आहे!"

आणि मान खाली घालून पुढचं कणीस चोळायला घेतलं.

तो येतोय म्हटल्यावर काळजी कसली करायची? मी त्याच्यासाठी मूठभर दाणे एका द्रोणात काढले. त्यावर दही घातलं. गूळ ठेवला. आणखी एक कणीस चोळलं. मग वर पाहिलं.

बांधावर कुणी नव्हतं.

पहिला क्षण माणूस काही करत नाही. मी द्रोण हातात धरून नुसती बघत राहिले. मग द्रोण टाकला आणि धावले. माझे गुडघे गेली पाच वर्षं जिना चढताना माझ्याशी भांडतात. त्या वेळी ते गप्प होते. "निहार! निहार!" शिट्टी पिशवीत होती, त्याच्या गळ्यात घालायची सोडून मी ती पिशवीत ठेवली होती. बांधावर चढले आणि खाली पाणी दिसलं, सपाट, चकचकीत, काही न हलणारं. त्या पाण्याकडे बघताना मला काय काय दिसलं ते मी लिहिणार नाही.

"आजी, डावीकडे!" मागून अन्वी ओरडली.

डावीकडे पाणी मागे हटलं होतं. जिथे पावसाळ्यात तळं असतं तिथे आता राखाडी जमीन होती, उन्हाने तडकलेली, फरशी बसवल्यासारखे तुकडे पडलेले. त्या फरशीच्या मधोमध, काठापासून पंधरा-वीस पावलांवर, माझा नातू उभा होता. मला आधी कळेनाच की तो इतका बुटका का दिसतोय. मग कळलं. तो मांड्यांपर्यंत जमिनीत होता.

"आजी," तो म्हणाला. रडत नव्हता. आवाज मात्र बारीक झाला होता. "ठक झालं होतं. मग नाही झालं."

मी तशीच पुढे निघाले, तर मागून दंडाला हिसडा बसला. शेवंताबाई.

"थांबा! उबं चालू नगा! वरनं वाळलंय, आत समदं लोनी हाय. तुमी बी जाशिला." मग त्याच्याकडे, तो दणदणीत आवाज एकदम मऊ करून, "बाळा, हलू नगंस हां. अजाबात हलू नगंस. पाय वडू नगंस."

"किती खोल आहे?" मी विचारलं.

तोवर त्या गोठ्याकडे धावल्या होत्या.

परतल्या त्या कडब्याच्या (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या) पेंढ्या काखेत घेऊन, खांद्यावर बैलाचा कासरा. अन्वी मागोमाग आणखी पेंढ्या ओढत होती. शेवंताबाईंनी पहिली पेंढी गाळावर आडवी टाकली, तिच्यापुढे दुसरी. त्यावर पाय ठेवून बघितला. पेंढी करकरली आणि कडेने काळं पाणी वर आलं. त्या मागे सरल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमचं वजन किती?"

"पंचेचाळीस."

"मी नव्वद. मी गेले तर पेंढी बी जाईल, मी बी. मालक हितं न्हाईत, गाव लांब हाय." आणि कासरा माझ्या कमरेला बांधायला सुरुवात केली. "तुमीच जावा. पोटावर. पेंढी म्होरं टाकायची, तिच्यावर सरकायचं, मागली वडायची, परत म्होरं. गाळाला हात लावायचा न्हाई."

मी पोहता न येणारी बाई. पावसाळ्यात डबकं दिसलं तर दुसऱ्या बाजूच्या फुटपाथने जाते. माझ्या तोंडून "मी?" असं निघालं असावं, कारण शेवंताबाई म्हणाल्या, "मग कोन?"

मी पोटावर आडवी झाले.

कडबा गालाला टोचतो. खाली गाळ हलतो, आणि त्याचा वास थेट नाकात जातो, कुजकट, थंड. मी एक पेंढी पुढे टाकली, तिच्यावर सरकले, मागची ओढली. पुन्हा. मागून शेवंताबाई, "आस्सं, आस्सं." मध्ये एकदा माझा हात गाळात गेला आणि कोपरापर्यंत गेला. काही लागलंच नाही खाली. तो हात बाहेर काढताना मी देवाचं नाव घेतलं की शेवंताबाईंचं, आठवत नाही. घाबरून मी गुडघ्यांवर उठायला लागले, तर समोरून निहार ओरडला, "आजी, झोप! फ्लॅट झोप! आइस तुटला की उभं नाही राहायचं, लोळायचं! आम्हाला स्कूलमध्ये शिकवलंय!"

मी पुन्हा आडवी झाले. समोरून नातू, मागून शेवंताबाई, एकमेकांचं बोलणं न कळता दोघं मला तेच सांगत होते.

त्याच्याजवळ पोचले तेव्हा तो कमरेपर्यंत गेला होता. हात बर्फासारखे. ओठ थरथरत होते. मी शेवटची पेंढी त्याच्या छातीपुढे सरकवली आणि त्याला तिच्यावर पुढे वाकायला लावलं. "ओढायचं नाही. एक पाय हळूहळू हलव. बूट राहू दे." काखेत हात घालून मी त्याला धरलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. गाळाने आधी एक पाय सोडला, चुंबनासारखा ओंगळ आवाज करून, मग कितीतरी वेळाने दुसरा. बूट-मोजे तिथेच राहिले. तो पेंढीवर आला आणि माझ्या गळ्याला मिठी मारली, आणि मग रडला.

"मी सांगून आलो होतो," हुंदके देत तो म्हणाला. "मी तुला सांगितलं, मी येतो. तू म्हणालीस, ये."

तेव्हा मला कळलं. तो मला निघतो असं सांगत होता. मी परवानगी दिली होती. नीट, शुद्ध, माझ्याच शिकवणीतल्या मराठीत त्याने परवानगी मागितली, आणि मी त्याला चक्रवाक जवळून बघायला गाळात पाठवलं. त्या पोराचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

"हो रे राजा," मी म्हटलं. "तू सांगून गेलास. चूक माझी."

कासरा ताणला गेला. शेवंताबाई आणि अन्वीने आम्हाला दोघांना ओढत काठावर आणलं. काठावर आल्यावर अन्वीने मला पकडलं आणि सोडेचना. बारा वर्षांची मुलगी, सकाळपासून जिला माझी कानटोपी हास्यास्पद वाटत होती.

मग चुलीवरचं कढत पाणी, शेवंताबाईंच्या हातची खसाखसा अंघोळ, गूळ घातलेला काळा चहा. निहारच्या अंगावर माझा चौथा स्वेटर आणि मालकांची गुडघ्याखाली जाणारी बंडी. माझ्या अंगावर शेवंताबाईंचं लुगडं, दोनदा गुंडाळूनही सैल. शेवंताबाई चुलीपुढे बसून पेटत्या चुलीला पुन्हा पुन्हा काडी लावत होत्या. तोवर मला वाटलं होतं की घाबरणं एकट्या माझ्याकडेच आहे.

"म्या सांगितलं हुतं गाळाचं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आवो, म्या बी मोठ्यानं सांगाय पायजे हुतं."

त्या याहून मोठ्याने काय सांगणार होत्या देव जाणे. मला हसू आलं, आणि हसता हसता इतकं रडू फुटलं की त्यांनी मला कुशीत घेतलं.

चार वाजता चालक आला. त्याने एकदा माझ्या लुगड्याकडे पाहिलं. आणि न सांगता गाडी सावकाश घेतली. निहार माझ्या मांडीवर झोपला. त्याच्या कानामागे अजून गाळ होता, तो मी पदराच्या टोकाने पुसत होते. अन्वी खिडकीकडे तोंड करून बसली होती. किरकटवाडीपाशी ती हळूच म्हणाली, "आजी, आईला सांगायलाच पाहिजे का?"

"का गं?"

"सांगितलंस तर ती जुलैमध्ये पाठवणार नाही आम्हाला."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आणि तिलाही यायचं होतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. इतकं बरं वाटलं ऐकून, आणि इतकं वाईट. वडगावपर्यंत मी न सांगण्याच्याच बाजूने होते, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? कपडे धुता आले असते. बूट हरवले म्हणता आलं असतं. पोरगं धडधाकट होतं. पण मग विचार आला, जुलैत काय करणार मी? दोन महिने रोज संध्याकाळी फोनवर या मुलांना शिकवणार का, की हे आईला सांगू नका, ते सांगू नका? आणि ज्या दिवशी खरंच काही होईल, त्या दिवशी ही दोघं ते मला तरी सांगतील का?

"सांगायचं," मी म्हटलं. अन्वीने मान डोलावली आणि परत खिडकीकडे वळली.

मृणाल सात वाजता सांगलीहून आली. मी तिला हातपाय धुऊ दिले, समोर चहा ठेवला, आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. येतो आणि ये सुद्धा. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. चहा तसाच राहिला. ती उठून आत गेली, निहारचे पाय चाचपून पाहिले, पांघरूण सारखं केलं, बाहेर आली.

"तू गेलीस त्याच्यात? पोटावर?"

"दुसरं कोण जाणार?"

"आई, तुला काही झालं असतं म्हणजे?" तिचा आवाज चढला. "तिकडे बसून मला कळलंही नसतं!" मग तिने गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला, कप विसळला. शेवटी म्हणाली, "जुलैचं नको. नाही जमणार मला."

"बरं," मी म्हटलं.

आणि आता जे लिहिते ते कुणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षं जे मागत होते ते गेलं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. सुटले एकदाची. दोन महिने रोज त्या दोघांच्या मागे जीव मुठीत धरून फिरायला नको. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की मी भांडी घासायला घेतली. बाई सकाळी येणार होती, तरी घासली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मुलं पोह्यांवर लिंबू पिळत होती. निहार अन्वीला चक्रवाकाची चाल करून दाखवत होता. मृणाल लॅपटॉप उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जुलैत दोन महिने नाही. पंधरा दिवस. आणि ते पंधरा दिवस मी पण इथून काम करेन. मुलांना एकटं तुझ्यावर सोडून मला तिकडे झोप लागायची नाही."

"आणि सांगली?"

"सांगलीचं मी बघते. तू फक्त मला सांगितल्याशिवाय त्यांना कुठे नेऊ नकोस."

"नाही नेणार."

"आणि तू स्वतःही कुठे जाऊ नकोस."

मी तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. ती नको म्हणाली नाही. लग्न झाल्यापासून माझी मुलगी सलग पंधरा दिवस या घरात राहिलेली नाही. आता राहणार आहे, कारण तिचा माझ्यावर काडीचा विश्वास उरलेला नाही. चालेल मला.